लुसियाचा मुकुट

आमची मराठी शाळा दर रविवारी दुपारी एका लुथरन चर्चच्या तळघरात भरते. अमेरिकेतल्या या ईडन प्रेरीत मराठी घरं पुष्कळ, पण सगळी मुलं, त्यांचे आईबाप आणि त्यांचे डबे एकदम मावतील अशी जागा मिळता मिळेना. आधी लायब्ररीतली एक खोली घेतली होती. तिथे मुलांनी एका सुरात पाढे म्हटले आणि पुढच्या आठवड्यात आम्हाला अतिशय गोड शब्दांत दुसरीकडे बघायला सांगण्यात आलं. मग कुणीतरी हे चर्च सुचवलं. शाळेची को-ऑर्डिनेटर म्हणून बघायला मी गेले. को-ऑर्डिनेटर म्हणजे ज्या मीटिंगला हे पद ठरलं तिला उशिरा पोचलेली व्यक्ती.

तळघराच्या पायऱ्या उतरताना वेलदोड्याचा वास आला. क्षणभर वाटलं, खाली कुणीतरी श्रीखंड करतंय. खाली मोठा हॉल, घडीची टेबलं, आणि कोपऱ्यातल्या स्वयंपाकघरात एक उंच म्हाताऱ्या बाई वेलदोडा घातलेल्या पावाची कणीक तिंबत होत्या. त्यांच्या शेजारी कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेले एक आजोबा कॉफी पीत उभे होते. हे नवराबायको म्हणजेच ते चर्च, असं म्हटलं तरी चालेल. पास्टरबाई, म्हणजे तिथल्या धर्मगुरू, येतात, बदलून जातात. ही दोघं तिथेच. आमच्या पालकांनी पुढे त्यांची नावं पाडली: किल्लीवाले आजोबा आणि कॉफीवाल्या आजी.

पहिल्याच भेटीत आजींनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, “आमचं मिक्स्ड मॅरेज आहे, बरं का.”

मी दोघांकडे पाहिलं. दोघंही सारखीच गोरी, सारखीच उंच, डोळेही सारखेच निळे.

“म्हणजे?”

“तो नॉर्वेजियन आहे,” आजी म्हणाल्या. “मी स्वीडिश.”

दोघंही जन्मली इथेच, मिनेसोटात. नॉर्वे किंवा स्वीडन दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नाही. पण त्यांच्या लग्नात आजोबांची आत्या आली ती केकला हात न लावता परत गेली, हे आजींच्या अजून लक्षात होतं. मी पुण्याची, नवरा अकोल्याचा. आमच्या लग्नात माझ्या आत्यानं सासूबाईंना एवढंच विचारलं होतं, “तुमच्याकडे भाजीत तेल जरा जास्तच असतं, नाही?” त्यामुळे मला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. जागा ठरली.

पुढची दोन-तीन वर्षं सुखात गेली. सकाळी वर प्रार्थना व्हायची, दुपारी खाली आमचं ‘क कमळाचा’. मग एका नोव्हेंबरात पास्टरबाई स्वतः खाली आल्या. त्या तरुण आहेत, आणि काही मागायचं असलं की आधी दहा मिनिटं हवामानावर बोलतात. त्या दिवशी त्यांनी बर्फाबद्दल इतकं सविस्तर सांगितलं की मला वाटलं, आता आम्हाला जागा सोडायला सांगणार.

तसं काही नव्हतं. डिसेंबरात, दिवस अगदी लहान झालेले असतात तेव्हा, त्यांच्याकडे संत लुसियाचा सण असतो. एक मुलगी पांढरा पायघोळ झगा घालते, कमरेला लाल पट्टा बांधते, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट ठेवते आणि अंधाऱ्या चर्चमधून गात चालत येते. तिच्या मागून हातात दिवे घेतलेल्या बाकीच्या मुली. मग सगळ्यांना केशराचे पाव आणि कॉफी. हा सण मुळात स्वीडिश लोकांचा. चर्च नॉर्वेजियन लोकांनी बांधलेलं, पण लग्न होऊन आल्यावर आजींनी तो तिथे सुरू केला आणि एकही वर्ष चुकू दिला नाही. अडचण अशी होती की त्या वर्षी चर्चमध्ये योग्य वयाची मुलगीच उरली नव्हती. एक होती ती चार वर्षांची, आणि दुसरी कॉलेजला निघून गेलेली.

पास्टरबाईंची नजर आमच्या हॉलभर फिरली. तिथे वेण्या घातलेल्या मुली गटागटानं बसून ‘ळ’ गिरवत होत्या.

“तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या, “खूप मुली आहेत.”

मी पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर विचारलं आणि फोन उलटा करून ठेवला. तासाभरानं पाहिलं तर मेसेजचा डोंगर. एका काकांना हा धर्मांतराचा डाव वाटत होता. दुसऱ्यांनी लिहिलं, “यार, जागा फुकट दिलीये त्यांनी, एक गाणं म्हणायला काय होतं?” एका आईनं विचारलं, कॉलेजच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये हे ‘लीडरशिप’खाली दाखवता येईल का. यावर धर्मांतरवाल्या काकांनी विचारलं की मग प्रॅक्टिस किती वाजता आहे.

लुसिया कोण होणार, हा प्रश्न सुटला तो माझ्या घरीच. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. तिला भरतनाट्यम नको, पियानो नको, मराठी शाळा तर आईच को-ऑर्डिनेटर म्हणून नाइलाजानं. मी बिचकतच विचारलं.

“आई, इट्स फायर,” ती म्हणाली. “ऑन माय हेड. ऑफकोर्स आय वॉन्ट टू.”

हे ऐकून सोफ्यावरचा पेपर खाली आला. पेपरामागे आबा होते, म्हणजे माझे सासरे. ते त्या वर्षी थंडीतच आमच्याकडे आले होते, कारण तिकीट तेव्हा स्वस्त होतं. आबांची सगळी नोकरी वीज मंडळात गेलेली. घरात कुणी ओल्या हातानं बटण दाबलं तर त्यांना दुसऱ्या खोलीत कळतं.

“काऊन बाप्पा?” आबा म्हणाले. “पोरीच्या डोक्यावर जाळ ठेवता? केस आहेत का गवत?”

दुसऱ्या रविवारी ते माझ्याबरोबर चर्चला आले, थेट भांडायच्या तयारीनं. पण तळघरात पोचले तर किल्लीवाले आजोबा जुन्या बॉयलरचं दार उघडून आत वाकून बघत होते. आबा तिथेच थबकले. मीही थांबले. आबांचं इंग्रजी अकोल्याचं, आजोबांचं मिनेसोटाचं. एकाचं दुसऱ्याला निम्मं कळायचं. पण बॉयलरकडे बोट दाखवून आबा म्हणाले, “प्रेशर?” आणि आजोबा म्हणाले, “याऽ, प्रेशर.” मग दोघांनी मिळून फ्यूज बोर्ड उघडला. मी शाळा संपवून आले तेव्हा दोघं शेजारी बसून कॉफी पीत होते आणि आबा मला म्हणाले, “माणूस चांगला आहे. वायरिंग मात्र भयंकर आहे.”

मेणबत्त्यांचा निकाल चर्चच्या कमिटीत लागायचा होता, आणि आबांच्या आग्रहापायी मीही त्या बैठकीला जाऊन बसले. आमच्या मराठी मंडळाची बैठक मला माहीत आहे. सगळे एकदम बोलतात, कुणीतरी राजीनामा देतं, मग सगळे जेवतात. इथे कुणीच काही बोलेना. आजींनी जुना पितळी मुकुट टेबलावर ठेवला आणि सांगितलं की खऱ्या मेणबत्त्याच असायला हव्यात. सगळे मुकुटाकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं एक गृहस्थ म्हणाले, “विमा कंपनीला कदाचित ते... वेगळं वाटेल.” आजींचा चेहरा पडला. पास्टरबाईंनी सगळ्यांना आणखी कॉफी दिली आणि बैठक संपली. मला वाटलं, काहीच ठरलं नाही. बाहेर आल्यावर कळलं की आजी हरल्या होत्या. ‘वेगळं’, म्हणजे ‘दॅट्स डिफरंट’, हे या लोकांचं सगळ्यात कडक वाक्य. त्यापुढे फक्त खुर्च्या फेकणंच उरतं.

दोन दिवस गेले. मग बॅटरीच्या मेणबत्त्यांचं पाकीट आलं. मुकुटावर लावायच्या आणि हातात धरायच्या, सगळ्या एकाच जातीच्या, एका रिमोटवर चालणाऱ्या. आबांनी रिमोट ताब्यात घेतला. त्यांची नेमणूक कुणी केली नव्हती, पण ‘इलेक्ट्रिकल इन-चार्ज’ असल्यासारखे ते तो कोटाच्या खिशात घालून हिंडू लागले.

मग गाण्याची तयारी सुरू झाली. गाणं स्वीडिश. आजींना ते स्वतःच्या आजीकडून ऐकून पाठ झालेलं, अर्थ त्यांनाही थोडाथोडकाच माहीत. त्यांनी छापील कागद दिले, पण मुली ती अक्षरं इंग्रजीसारखी वाचायच्या आणि आजी डोळे मिटून घ्यायच्या. शेवटी मी आजींचं गाणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि ऐकून ऐकून देवनागरीत उतरवलं. आपल्या लिपीत काय, जसं बोलाल तसं लिहिता येतं. नुसत्या जोडाक्षरांवर अडणाऱ्या आमच्या मुली, ज्या ‘विद्यार्थी’ या शब्दापाशी येऊन रडकुंडीला यायच्या, त्या दोन रविवारांत त्याहून अवघड शब्द घडाघडा वाचायला लागल्या. एक आई दारात उभी राहून ऐकत होती. तिचे डोळे भरून आले.

“बघ ना, किती छान वाचतेय माझी सोनी!”

“काय वाचतेय?” तिच्या नवऱ्यानं विचारलं.

“ते काही कळत नाहीये. पण वाचतेय!”

प्रॅक्टिस चालू असताना किल्लीवाले आजोबा मागे खुर्ची टाकून बसायचे. स्वीडिश लोकांनी इटलीतली एक कॅथलिक संतीण पळवून आणली आणि वर तिला आपली म्हणतात, असं त्यांचं मत होतं आणि ते आजींना ऐकू जाईल इतक्या आवाजात ते मांडायचे. एकदा मुली एकमेकींशी इंग्रजीत बोलत होत्या आणि मी दर मिनिटाला “मराठीत बोला गं” म्हणत होते. आजोबा म्हणाले, “आमच्याकडे यावरून चर्च फुटलं होतं.”

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी सांगितलं ते असं. चर्च बांधलं तेव्हा आजूबाजूला शेतंच होती आणि सगळा कारभार नॉर्वेजियन भाषेत चालायचा. पुरुष एका बाजूला बसायचे, बायका दुसऱ्या. पुढे मुलं इंग्रजी बोलू लागली. काही लोक म्हणाले, प्रार्थना इंग्रजीत करा, नाहीतर मुलं येणार नाहीत. बाकीचे म्हणाले, देवाला इतकी वर्षं नॉर्वेजियन कळत होतं, आता काय झालं? भांडण इतकं पेटलं की इंग्रजीवाल्यांनी रस्त्याच्या पलीकडे दुसरं चर्च बांधलं. रविवारी सकाळी दोन्ही घंटा एकाच वेळी वाजायच्या आणि नात्यातली माणसं रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे न बघता आत जायची.

“मग एकत्र कसे आलात?”

“छप्पर गळायला लागलं,” आजोबा म्हणाले. “त्यांचंही आणि आमचंही. एकच दुरुस्त करणं परवडत होतं.” मग म्हणाले, “माझ्या आजीला इंग्रजी कधीच आलं नाही. तरी शेवटपर्यंत दर रविवारी यायची. उपदेश चालू असताना झोपायची आणि कॉफीच्या वेळेला बरोबर जागी व्हायची.”

त्यानंतर त्या दिवशी मी मुलींना मराठीत बोला म्हणाले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा सुरू केलं.

सणाचा रविवार उजाडला तो उजाडलाच नाही म्हणा. बाहेर बर्फ आणि पुरता काळोख. मुली पांढऱ्या झग्यांत तळघरात उभ्या, आणि मुकुट काही केल्या माझ्या मुलीच्या डोक्यावर बसेना. तो बारीक सोनेरी केसांच्या डोक्यांसाठी केलेला. हिचे केस दाट, त्यात मी आदल्या दिवशी कौतुकानं तेल लावलेलं. मुकुट एकदा डाव्या कानावर, एकदा उजव्या. आजी पिना लावून लावून थकल्या. तेवढ्यात आबांनी माझी ओढणी मागितली, पिळून तिचं वेटोळं केलं आणि नातीच्या डोक्यावर ठेवलं. सरळ चुंबळच! त्यावर मुकुट असा बसला की पोरीनं मान हलवून पाहिली तरी ढळेना. आजींनी चुंबळीभोवती हिरवी पानं खोचली आणि आबांकडे बघून मान डोलावली. आबा इतके फुगले की कोटाची बटणं ताणली गेली.

आम्ही वर जाऊन बसलो. मी मागच्या रांगेत, माझ्या शेजारी स्टॉकहोमहून आलेला माझा ऑफिसमधला सहकारी. मी त्याला मुद्दाम बोलावलं होतं, खरा स्वीडिश माणूस बघून आजींना आनंद होईल म्हणून. आबा पुढच्या रांगेत, आजोबांच्या शेजारी.

दिवे मालवले गेले. दार उघडलं. काळोखात तो मुकुट पेटलेला दिसला आणि खाली माझ्या मुलीचा चेहरा, इतका शांत की तो मी घरी कधी पाहिला नव्हता. मागून मुली, हातात एकेक दिवा. गाणं सुरू झालं. लोक उभे राहिले. थोड्या वेळानं सगळे खाली बसले. आबाही बसले, आणि ते थेट रिमोटवर बसले.

मुकुट हिरवा झाला. मग जांभळा. मग सगळे रंग एकामागून एक लुकलुकू लागले, गणपतीच्या मांडवात लागतात तसे. मागच्या मुलींच्या हातातले दिवेही तालात चमकायला लागले. स्वतःच्या डोक्यावरचं काही दिसत नसल्यामुळे माझी मुलगी गंभीरपणे गात चालत होती. आणि लुथरन मंडळी? एक मान वळली नाही. एक ओठ हलला नाही. पास्टरबाईंनी मात्र प्रार्थनेचं पुस्तक तोंडासमोर धरलं होतं आणि ते पुस्तक गदागदा हलत होतं. ती चार वर्षांची मुलगी काय ती ओरडली, “मॉमी, डिस्को!”

आबांना वाटलं, शॉर्टसर्किट. ते खिसे चाचपू लागले, रिमोट सापडला, आणि त्यांनी आयुष्यभराच्या सवयीनं पहिलं काम केलं: सप्लाय बंद. सगळे दिवे एकदम गेले.

चर्चमध्ये मिट्ट काळोख. गाणं क्षणभर अडखळलं. मग माझ्या मुलीचा आवाज आला, एकटीचा, पुढची ओळ. बाकीच्या तिला येऊन मिळाल्या. मग बाकांमधून एक म्हातारा, थरथरता आवाज त्यांच्यात मिसळला. आजी गात होत्या. काही दिसत नव्हतं, फक्त आवाज हळूहळू पुढे सरकत होता.

तेवढ्यात किल्लीवाल्या आजोबांनी धडपडत जाऊन मेन स्विच लावला. लख्ख उजेडात दिसलं की सगळ्या मुली बरोबर वेदीपाशी पोचल्या होत्या आणि आबा हात वर करून उभे होते.

खाली कॉफीच्या वेळी आजी आबांजवळ आल्या. सगळं तळघर कान देऊन होतं.

“वेल,” आजी म्हणाल्या, “दॅट वॉज डिफरंट.”

“ऐकलंस का?” आबा मला म्हणाले. “डिफरंट म्हणाली! खूश आहे बाई.”

मी त्यांना खरा अर्थ सांगितला नाही. आणि खरं तर आजींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांच्या कडा वर वळल्या होत्या, त्यामुळे खरा अर्थ कोणता हे मलाही नक्की सांगता आलं नसतं.

माझा सहकारी केशराचा पाव खात आजींपाशी आला. “या मुलींचं मराठी गाणं फार सुंदर होतं,” तो अगदी मनापासून म्हणाला. “गंमत म्हणजे आमच्या लुसियाच्या गाण्याची चाल हुबेहूब अशीच आहे.”

किल्लीवाल्या आजोबांनी तोंडातली कॉफी कशीबशी गिळली. मग ते हसायला लागले. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, पास्टरबाईंनीही नव्हतं. ते भिंतीला टेकून हसत होते, आणि आजी ताठ उभ्या होत्या.

“माझी आजी हे गाणं असंच म्हणायची,” त्या म्हणाल्या.

सहकारी लाल झाला. त्यानं बशी खाली ठेवली आणि आजींना विचारलं, पहिली ओळ पुन्हा म्हणाल का, सावकाश? आजींनी म्हटली. तो मान वाकवून ऐकत राहिला. “हा एक शब्द,” तो म्हणाला, “असा मी फक्त माझ्या पणजोबांकडून ऐकलाय. खेड्यात. आता तिकडे असं कुणी बोलत नाही.” मग दोघं एका टेबलाशी बसले. आमच्या खुर्च्या आवरून झाल्या तरी ती उठली नव्हती.

जानेवारीत आबा परत निघाले. निरोप द्यायला किल्लीवाले आजोबा घरी आले आणि त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांबट वस्तू आबांच्या हातात ठेवली. “फ्रॉम नॉर्वे,” ते म्हणाले. “ओल्ड वे. व्हेरी ड्राय.” दोघांनी बराच वेळ हात हलवले. आबांनी ती वस्तू आम्हाला न दाखवता स्वतःच्या हातानं सामानात भरली.

एप्रिलमध्ये अकोल्याहून सासूबाईंचा फोन आला. घरात कुठेतरी उंदीर मेलाय, म्हणाल्या, सगळी कपाटं काढून बघितली, सापडत नाही. वास मुख्यतः दिवाणखान्यात, शोकेसपाशी. मी व्हिडिओ लावायला सांगितला. शोकेसमध्ये, आबांच्या निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या घड्याळाशेजारी, नॉर्वेची ती भेट उभी करून ठेवली होती. आबांना ते कोरीव काम केलेलं जुनं लाकूड वाटलं होतं, आणि आल्या-गेल्याला ते तसंच दाखवत होते. मी मात्र तशी वस्तू चर्चच्या मेजवानीच्या तयारीत पाहिली होती. वाऱ्यावर महिनोन्महिने वाळवलेला अख्खा मासा.

आबा जन्माचे शाकाहारी. ते काय आहे हे मी सांगून टाकलं. मग सासूबाई म्हणाल्या, “मी त्याला गणपतीत हळदकुंकू वाहणार होते,” आणि फोन आबांकडे देऊन निघून गेल्या.

आबांनी मासा टाकून द्यायला साफ नकार दिला. मित्रानं दिलेली वस्तू. मासा गच्चीवर गेला, आणि दुसऱ्या दिवशी एका बोक्यानं त्याचा प्रश्न सोडवला. पुढच्या रविवारी मी तळघरातून व्हिडिओ कॉल लावून फोन आजोबांच्या हातात दिला. आजोबांनी पहिलंच विचारलं, मासा कसा होता?

आबांनी क्षणभर विचार केला. “फिनिश,” ते म्हणाले. “फुल फिनिश. व्हेरी टेस्टी.”

आजोबांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच आठवड्यात आणखी दोन मासे पार्सलनं धाडले. ते मुंबईच्या कस्टम्समध्ये अडकलेत. आबा रोज पार्सलचा नंबर टाकून बघतात, आणि ते अजून तिथेच आहे हे वाचून, सासूबाई सांगतात, मगच चहा पितात.